प्रवासी आचार्य धर्मानंद कोसंबी

परदेशी जाऊन काही काळ तेथे शिकवावे आणि सुटी लागली की तो देश डोळे भरून पाहावा, अशी हौस अलीकडे पुष्कळ तरुणांस वाटते. ही हौस चांगलीच आहे. परंतु जो शिकवावयास जातो त्याने बरोबर काय न्यावे आणि परतताना काय आणावे, हा विचार मात्र क्वचितच केला जातो. ज्यांनी आयुष्यभर हा विचार केला व त्याप्रमाणे आचरण केले, अशा एका मराठी शिक्षकाची ओळख ह्या लेखात आम्ही करून देणार आहो. ते शिक्षक म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी.

आम्हां कंपूवासीयांस त्यांच्याविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी असे एक कारण आहे. शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला, त्यावरून लष्कर व कंपू ही नावे रूढ झाली, आणि फौजेच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. १९०० साली संस्कृत शिकण्याच्या ध्यासाने पुण्याहून काशीस निघालेला एक निर्धन गोमंतकीय तरुण उज्जैन, इंदूर करीत ह्याच ग्वाल्हेरीहून पुढे गेला. त्या वेळी त्याच्या गाठी ना पैसा होता, ना पदवी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. घरचा व्यवसाय नारळीच्या बागायतीचा. प्रकृती अशक्त, आणि पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात शिक्षणाची सोय बेताचीच. त्यामुळे मराठी शिकण्यापलीकडे त्यांना फारसे जाता आले नाही. पुढे इंग्रजीत व्याख्याने देणाऱ्या ह्या पुरुषास इंग्रजी शाळेचे शिक्षण लाभले नव्हते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकात आलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला. त्या धर्माचे मूळ ग्रंथ आपण वाचावे व ते ज्ञान आपल्या मराठी बांधवांस द्यावे, असा त्यांनी निश्चय केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्या वेळी पत्नी बाळाबाई घरी होत्या आणि कन्या माणिक तान्ही होती. ह्या गोष्टीवर पांघरूण घालणे आम्हांस उचित वाटत नाही. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या त्यागाचे गुणगान होते. परंतु त्या त्यागाचा भार ज्यांनी मुकाट्याने वाहिला, त्यांचे नावही पुष्कळदा घेतले जात नाही. कोसंबींच्या विद्येची किंमत सुमारे सात वर्षे बाळाबाईंनीही मोजली.

काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. पण बुद्धाची जी शिकवण शोधावयास ते निघाले होते, ती तेथे त्यांना दिसली नाही. बुद्धगयेवरून कलकत्त्यास, आणि तेथून सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, ते पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेर-दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले. पाली ग्रंथ सिंहलद्वीपात सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहिलेले असत. म्हणून ह्या लिपी शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. मधल्या काळात बुद्धाच्या जीवनाशी निगडित अशी तीर्थस्थाने त्यांनी पाहिली. त्यांचा प्रवास हा असा होता. आपण सुटीत प्रवास करतो तो अभ्यासाचा शीण घालविण्यासाठी. त्यांचा प्रवास हाच त्यांचा अभ्यास होता.

१९०६ साली ते कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे तेथील विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. आता संसारास स्थैर्य येणार, असे कोणासही वाटले असते. परंतु बंगालमध्ये राहिल्याने मूळ संकल्प पुरा होत नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करीत असल्यास दरमहा ५० रुपये देण्याचे मान्य केले. कलकत्त्याचे वेतन ह्याहून बरेच अधिक होते. तरीही १९०८ मध्ये कोसंबींनी ते सोडले व अल्प वेतनाचा मार्ग पत्करला.

ह्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांनी कोसंबींपाशी पालीचे पाठ घेतले आणि १९१० साली कोसंबींना अमेरिकेचे बोलावणे आले. काम मोठे होते. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहलद्वीपात रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे कार्य हेन्री क्लार्क वॉरन ह्या विद्वानाने हाती घेतले होते. परंतु १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले होते. कोसंबींनी हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याचे कष्टाचे काम अंगावर घेतले. पुढे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादनाचे श्रेय कोणास कसे द्यावे, ह्यावरून प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. कोसंबींनी स्वाभिमान सोडला नाही. १९१२ साली काम तसेच ठेवून ते परत आले. असे असूनही त्या विद्यापीठाशी त्यांनी कायमचे वैर धरले नाही. १९१८ ते १९२२, १९२६ ते १९२७ आणि १९३१ ते १९३२ असे आणखी तीन वेळा ते तेथे गेले. दुसऱ्या खेपेस माणिक व पुत्र दामोदर ही दोघे त्यांच्यासमवेत होती. माणिक तेथे पदवीधर झाल्या, आणि दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झाले. ‘विसुद्धिमग्ग’ हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला तो १९५० मध्ये. तो पाहावयास कोसंबी हयात नव्हते. मात्र भारतीय विद्या भवनाने हाच ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली १९४० साली देवनागरी लिपीत छापला होता. अमेरिकेत केलेले श्रम आपल्या देशातील विद्यार्थ्यांच्या हाती आपल्या लिपीत आले, ही गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते.

अमेरिकेच्या दोन खेपांच्या दरम्यान, १९१२ ते १९१८ पर्यंत, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात ह्या भाषेस स्थान मिळाले. प्रा. पु. वि. बापट, प्रा. ना. के. भागवत, प्रा. चिं. वै. राजवाडे हे त्यांचे शिष्य पुढे पालीचे नामवंत विद्वान झाले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी काम केले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला गेले; तेथून परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडे येथे सामील होऊन त्यांनी कारावास भोगला. मराठीत त्यांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र व ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, कोसंबींच्या प्रवासाचा हा आलेख पाहिला म्हणजे एक गोष्ट दिसून येते. सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथे ते विद्यार्थी म्हणून गेले; तेथे मिळविलेली विद्या घेऊन ते अमेरिकेत शिक्षक म्हणून गेले; आणि प्रत्येक खेपेस जे मिळाले ते घरी घेऊन आले. परदेशाने त्यांस मान दिला, पण त्यांनी तेथे घर केले नाही. आम्ही मराठी माणसे महाराष्ट्रापासून दूर ह्या कंपूत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहो. दूर राहून आपली भाषा जतन करणे म्हणजे काय, हे आम्हांस सांगावयास नको.

आयुष्याच्या अखेरीस पालीच्या अभ्यासासाठी काही तरुणांना सिंहलद्वीपास धाडावे, अशी त्यांची इच्छा होती आणि महात्मा गांधींनी ती उचलून धरली होती. एकेकाळी जेथे आपण रिकाम्या हातांनी गेलो, तेथे दुसऱ्या कोणी साहाय्य घेऊन जावे, ही त्या इच्छेमागची कळकळ होती. आमच्या विद्यालयातूनही उद्या कोणी दूरदेशी शिकावयास वा शिकवावयास जाईल. त्याने जाताना एवढे करावे : घरी जे मागे राहणार आहेत त्यांचा विसर पडू देऊ नये, आणि परत येताना आपल्याबरोबर असे काही आणावे की जे कंपूतील मुलांना मराठीत सांगता येईल.