वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब फाळके

दूरचित्रवाणीवरील निसर्गपटांत कळी काही क्षणांत उमलते, वेल पाहता पाहता कुंपणावर चढते. भारतात या तंत्राचा आरंभीचा प्रयोग केला तो धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथेच प्लेगने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे १९११ मध्ये ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. अहोरात्र अभ्यासाने दृष्टी अधू झाली; उपचारांनी ती परतली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि तेथील तंत्र शिकून आले.

तथापि, कथापटासाठी भांडवल मिळेना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने कॅमेऱ्यात एकेक चौकट टिपली. बी फुटले, अंकुर वर आला, त्याचा वेल झाला. अनेक दिवसांची ही वाढ पडद्यावर अल्पावधीत उलगडली. ती पाहून कर्ज देणाऱ्याची खात्री पटली. द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही पुढे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळक्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते अजरामर झाले. त्यांच्या पहिल्या कथापटाला तारण मात्र वाटाण्याच्या एका रोपाचे होते.