स्कॉलरशिप संपली, तरी लंडनच्या कॉलेजने बाबासाहेबांसाठी चार वर्षं जागा राखून ठेवली

परदेशात मास्टर्स करायचं तर आधी ॲडमिशन आणि मग स्कॉलरशिप, एवढंच गणित मांडलं जातं. पण शिक्षण अर्धवट असतानाच स्कॉलरशिप संपली तर? १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे नेमका हाच प्रश्न होता.

सुरुवात १९१३ ची. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप दिली. अट होती, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एमए झाले.

 १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन विद्यापीठाच्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. सोबत ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही नाव घातलं.

पण स्कॉलरशिपची मुदत संपली आणि बडोद्याहून बोलावणं आलं. तेव्हा त्यांना एक सवलत मिळाली. चार वर्षांच्या आत परतल्यास अभ्यास पुढे सुरू करता येणार होता.

आता पैसे उभे करायचे होते, आणि संकटं संपत नव्हती. महायुद्ध सुरू होतं. दुसऱ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं बोटीसकट बुडाली. बडोद्यात नोकरी मिळाली, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना हाकलण्यात आलं. शेवटी त्यांनी मुंबई गाठली.

१९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून बचत केली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. मुदत संपायच्या आत, १९२० मध्ये, बाबासाहेब पुन्हा लंडनला पोहोचले.

१९२१ मध्ये एमएससी झाली. पुढच्या वर्षी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डीएससीचा प्रबंध दिला. परीक्षकांनी बदल सुचवले. बाबासाहेबांनी भारतात परतून तो सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये डिग्री मिळाली. तो पुस्तकरूपात आला तेव्हा मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, तीही बरीच मतं पटत नसताना.

दोनच वर्षांनी भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या शाही आयोगापुढे साक्ष द्यायला बाबासाहेब उभे राहिले. विषय होता तोच, रुपयाचा.