सुटे होणारे धनुष्य आणि न तुटलेला माणूस

धनुष्यबाणाशी आपल्यापैकी प्रत्येकाची ओळख फार लहानपणी झालेली असते. तुरीचे खळे उरकले की तुराट्यांचा ढीग पडतो. त्यातली सरळ तुराटी बाण म्हणून निवडायची, बांबूची कामटी वाकवून तिला सुतळी बांधायची आणि सिंदफणेच्या काठच्या बाभळीवर नेम धरायचा, हा आपल्या भागातल्या पोरांचा जुना उद्योग आहे. चार दिवसांत कामटी कडकन मोडते, खेळ संपतो आणि आपण मोठे होतो. पण मोडलेली कामटी हातात घेऊन ती का मोडली, असा विचार करीत बसणारा एखादाच निघतो. अशाच एका माणसाची ही जीवनकथा आहे. त्यांचे नाव फ्रेड बेअर.

फ्रेड बेअर यांचा जन्म ५ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. बालपण शेतीवाडीच्या परिसरात गेले. वडिलांबरोबर रानात हिंडण्याची आणि शिकारीची गोडी त्यांना तेव्हाच लागली. पुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९२३ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि मोटारींचे शहर म्हणून नावारूपास येत असलेले डेट्रॉइट गाठले. तेथे पॅकार्ड मोटार कंपनीत त्यांना काम मिळाले. ओतकामासाठी आधी लाकडात हुबेहूब नमुना कोरावा लागतो, त्या नमुन्याचे ते कारागीर होते. लाकडाची नस ओळखणारा हात त्यांना याच कामाने दिला.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात अलास्कातील शिकारीचा एक बोलपट येण्यापूर्वीचा मूकपट पाहिला. त्यात आर्थर यंग नावाचा धनुर्धर बंदुकीऐवजी बाणाने मोठमोठी जनावरे टिपत होता. या एका खेळाने बेअर यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे यंग यांची आणि त्यांची प्रत्यक्ष गाठ पडली, मैत्री झाली. धनुष्य कसे तासावे, बाणाला पीस कसे लावावे, दोरी कशी वळावी, हे सारे यंग यांनी त्यांना शिकविले.

येथे क्षणभर थांबून या विद्येची गुरुपरंपरा पाहणे उद्बोधक ठरेल. यंग हे सॅनफ्रान्सिस्कोचे शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप यांचे शिकारीतील सोबती. डॉ. पोप यांनी ही विद्या घेतली ती इशी नावाच्या एका आदिवासीकडून. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा हा अखेरचा माणूस. त्याचे सगळे गणगोत गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हिंसेने आणि उपासमारीने नाहीसे झाले होते. १९११ साली तो एकटाच रानातून बाहेर आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. मधल्या चार-पाच वर्षांत त्याने आपल्या जमातीचे धनुष्य ज्यांच्या हाती दिले, ते त्याचा वंश संपविणाऱ्या समाजातलेच होते. एकलव्याचा अंगठा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. येथे तर शिष्यानेच नव्हे, गुरूनेच सर्वस्व गमावले होते. अमेरिकेतील आधुनिक धनुर्विद्येच्या मुळाशी ही दुखरी जागा आहे, याचा विसर पडू नये.

बेअर यांना पहिल्याच झटक्यात यश मिळाले असे मात्र नाही. धनुष्याने शिकार करण्याचा प्रयत्न त्यांनी सुरू केल्यापासून पहिले हरिण मिळण्यास १९३५ साल उजाडले. कित्येक हंगाम ते रिकाम्या हाताने परतले. बंदूक घरात होती, ती उचलली असती तर त्याच दिवशी काम झाले असते. पण त्यांनी ती उचलली नाही. सोपे साधन हाताशी असताना अवघड साधनावर निष्ठा ठेवणे ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत आपणा विद्यार्थ्यांना विशेष समजण्यासारखी आहे.

दरम्यान जागतिक मंदी आली. ते ज्या कारखान्यात व्यवस्थापक होते तो १९३३ साली आगीत भस्मसात झाला. नोकरी गेली. तेव्हा त्यांनी चार्ल्स पायपर या सहकाऱ्याबरोबर अवघ्या सहाशे डॉलर भांडवलावर एका गॅरेजमध्ये स्वतःचा धंदा थाटला. मुख्य काम होते मोटार कंपन्यांसाठी जाहिरातीचे कापडी फलक छापण्याचे. धनुष्यबाण तयार करण्याचे काम कोपऱ्यात चाले. हळूहळू कोपऱ्याने सारी जागा व्यापली आणि छपाई मागे पडली. त्या काळात नेल्स ग्रमली या कसबी कारागिराने हाताने तासलेली धनुष्ये आज संग्राहक जिवापाड जपतात.

१९४७ साली बेअर यांनी आपला कारखाना उत्तर मिशिगनमधील ग्रेलिंग या छोट्या गावी हलविला. ऑ सेबल नदीच्या काठचे हे गाव पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. येथेच त्यांनी मोडणाऱ्या कामटीच्या प्रश्नाला हात घातला. नुसत्या लाकडाचे धनुष्य थंडीत ठिसूळ होते, दमट हवेत सुस्तावते आणि सतत ताण पडला की वाकून बसते. त्यांनी प्रथम लाकडाला ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून पाहिली, पण धातू आणि लाकूड यांचा संसार टिकला नाही, थर सुटू लागले. मग काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची पट्टी आली. मध्ये मेपलसारख्या लाकडाचा पातळ गाभा आणि दोन्ही अंगांना काचतंतू, अशी ही रचना ताण आणि दाब दोन्ही सोसते. शिवाय धनुष्याची टोके पुढे वळविलेली असल्यामुळे दोरी सुटताना बाणाला जादा वेग मिळतो. अशा वळणदार धनुष्याला रिकर्व्ह म्हणतात. १९५० च्या दशकात त्यांच्या कारखान्याची अशी धनुष्ये देशभर खपू लागली आणि एरवी श्रीमंतांचा किंवा छांदिष्टांचा मानला गेलेला हा खेळ कामगाराच्या आवाक्यात आला.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे सुटे होणारे धनुष्य, ज्याला टेकडाउन म्हणतात. लांब धनुष्य घेऊन विमानातून, होडीतून किंवा घोड्यावरून दूरच्या मोहिमेवर जाणे फार जिकिरीचे होते. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोडीची मंडळी दिवाळीनंतर कोपीचे सामान सोडवून गाडीत घालतात आणि कारखान्याच्या माळावर ती पुन्हा उभी करतात. जे सुटे होते तेच दूरवर जाऊ शकते. हाच विचार बेअर यांनी धनुष्याला लावला. मधली मूठ वेगळी, वरचे आणि खालचे पाते वेगळे. १९७० च्या सुमारास बाजारात आलेल्या त्यांच्या या धनुष्याची पाती एका खटक्याने मुठीत अडकत. पाना नको, पेचकस नको. तीन मापांच्या मुठी आणि तीन मापांची पाती असल्याने आपल्या उंचीला आणि ताकदीला जुळेल अशी जोडी निवडता येई.

कल्पना सर्वस्वी नवी होती काय? तसे म्हणता येणार नाही. आपल्याच देशात मोगल काळात पोलादी धनुष्ये बनत, आणि त्यांतली काही मधोमध आटे पाडून दोन तुकड्यांत सुटी होणारी होती. पण पोलाद जड आणि संथ. हलक्या, वेगवान धनुष्याला तीच सोय देणे हे बेअर यांचे श्रेय.

दैवाचा खेळ असा की हे धनुष्य बाजारात येत असतानाच त्याचा प्रतिस्पर्धीही जन्मास आला होता. हॉलेस विल्बर ॲलन यांनी टोकांना चाके लावलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ साली मिळविले. ओढून धरण्यास हलके असलेल्या या यंत्राने शिकाऱ्यांची बाजारपेठ काही वर्षांत काबीज केली. आणि म्हणूनच बेअर यांची त्या काळातली धनुष्ये आज जुनी, दुर्मिळ वस्तू म्हणून शोधली जातात.

या शोधातही गमती आहेत. अनेक जुन्या बेअर धनुष्यांवर १९५३ हा आकडा छापलेला दिसतो आणि नवखा माणूस ते त्याचे जन्मसाल समजतो. वास्तविक ते कॅनडातील पेटंटचे साल असून पुढे कित्येक वर्षे तसेच छापले जात होते. खरे वय ठरवायचे तर मुठीवरील बिल्ल्याचा धातू आणि अनुक्रमांक पाहावा लागतो. जुने धनुष्य वापरणाऱ्याने पाती पिळलेली नाहीत ना, थर सुटलेले नाहीत ना, हे आधी तपासावे. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. काम झाले की दोरी उतरवून ठेवावी. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते पत्र्याखाली किंवा बंद गाडीत मुळीच ठेवू नये, उष्णतेने डिंक सुटतो. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्या जुन्या टोकांना चिरू शकतात, म्हणून डॅक्रॉनची दोरीच बरी.

आता चरित्रातील अवघड पानाकडे वळू. बेअर हे शिकारी होते. हत्ती, सिंह, अस्वल त्यांनी बाणाने मारले. साठच्या दशकात ते भारतातही आले आणि येथे त्यांनी वाघ मारला. तेव्हा कायद्याने ते चालत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे ते पर्व संपले, आणि ते संपले हे योग्यच झाले. मला या पानाचा अभिमान वाटत नाही. तरी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ध्रुवीय अस्वलाच्या मोहिमेत बाण लागल्यावर सोबत्याला बंदूक चालवावी लागली, तेव्हा ती शिकार त्यांनी आपली मानली नाही. ते पुन्हा बर्फावर गेले आणि १९६६ साली केवळ धनुष्याने ती पुरी केली. ज्या यशाला दुसऱ्याचा हात लागला ते आपले नव्हे, हा त्यांचा हिशेब होता. उत्तरपत्रिकेत डोकावणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

उतारवयात त्यांच्या वाट्याला एक दुःखही आले. १९६८ साली त्यांनी कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहाला विकली होती. ते प्रमुख म्हणून राहिले, पण मालकी गेली होती. सत्तरच्या दशकात ग्रेलिंगच्या कारखान्यात संप झाला आणि १९७८ साली कारखाना फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे नेण्यात आला. ज्या गावाने त्यांच्याबरोबर धनुष्ये घडविली त्या गावाचे काम गेले. १९६७ साली तेथे उघडलेले त्यांचे संग्रहालयही पुढे हलविले गेले. धनुष्य सुटे करून पुन्हा जोडता येते. गावाचे तसे नसते. कारखान्यावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.

२७ एप्रिल १९८८ रोजी गेन्सव्हिल येथे फ्रेड बेअर यांचे निधन झाले. त्यांची रक्षा मात्र मिशिगनला, त्यांच्या आवडत्या ऑ सेबल नदीकाठी नेण्यात आली.

आज ऑलिंपिकच्या मैदानावर जे धनुष्य दिसते तेही सुटे होणारे रिकर्व्हच आहे. सातारा जिल्ह्यातील सरडे या खेड्यातला प्रवीण जाधव तेच हाती घेऊन २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उभा राहिला. इशीच्या रानातून निघालेली, डेट्रॉइटच्या गॅरेजमध्ये घडलेली आणि इतर अनेकांच्या हातून सुधारत गेलेली ही विद्या आता कोणा एका देशाची राहिलेली नाही. मित्रहो, पुढच्या सुगीत एखाद्या पोराच्या हातातली कामटी मोडली, तर त्याला हसू नका. ती का मोडली, एवढेच त्याला विचारा.