डाळीची परीक्षा घेणारी इंदूरची लेक



आपल्या इंदूर नगरीने मराठी समाजाला अनेक रत्ने दिली. ज्येष्ठ विदुषी दुर्गाबाई भागवत यांचा जन्म इंदूरचा, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई यांचाही जन्म १९११ साली येथेच झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. आहारशास्त्राला आयुष्य वाहिलेल्या या डॉ. कमला सोहोनी यांचा परिचय या अंकात करून देताना आम्हांस विशेष आनंद होत आहे. मुलांच्या डब्याचा प्रश्न दर पालकसभेत निघतो. त्याचे उत्तर या चरित्रात बरेचसे सापडते.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले होते. आपणही तेथेच संशोधन करायचे, हे कमलाबाईंनी ठरवले. १९३३ साली रसायन व भौतिक हे विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. तेव्हा नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक होते. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी अर्ज नाकारला.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, थेट संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये, असे बजावण्यात आले. त्यांनी हा अपमान गिळला, पण तो विसरल्या मात्र नाहीत. श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे मुलींसाठी उघडली. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम-सी हा श्वसनक्रियेला आवश्यक घटक वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहणे सोपे होते, पण त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात काम केल्यावर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे याच संस्थेने दिली.

१९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटातील अन्न हाच त्यांचा व त्यांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासविषय राहिला. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे घटक असतात, यावर त्यांनी संशोधन केले. चांगले शिजवल्यावर या घटकांचा जोर बराच कमी होतो. आपल्या आजी वाल भिजवून, मोड आणून, मऊ शिजवत असत, त्यात किती शहाणपण होते हे यावरून कळते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताज्या नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांना नीरेचा लाभ होतो, हे दाखवल्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना काही वर्षे उशिराच मिळाले. निवृत्तीनंतरही ग्राहकांच्या संस्थेत राहून त्या भेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, आता आपल्या शाळेकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींत रक्ताची कमतरता आढळली. सकाळच्या प्रार्थनेत एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते, तेव्हा हा आकडा आमच्यासमोर उभा राहतो. विचारले तर बहुधा कळते, की ती काहीही न खाताच घरून निघाली आहे. ज्या कमलाबाईंनी मुलींसाठी प्रयोगशाळेचे दार उघडले, त्यांच्याच गावच्या लेकी अशक्तपणामुळे फळ्यावरचे अक्षर वाचू शकत नसतील, तर त्या दारातून आत जाणार कोण?

उपाय महाग नाही. गहू-तांदळात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळींत मिळतात आणि डाळींत जे कमी असतात ते धान्यांत मिळतात. म्हणून वरण-भात, पोळी-उसळ, खिचडी यांची जोडी पक्की आहे. आपले इंदुरी पोहेसुद्धा उत्तम, फक्त त्यांत शेंगदाणे, मटार किंवा मोड आलेले मूग घालावे आणि वर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. शेव मात्र चिमूटभरच! जेवणाबरोबर चहा देऊ नये. मुलगा व मुलगी यांच्या डब्यात फरक करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ मुलांना विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. आपल्या उपाहारगृहाने हा नियम पाळायचा आहेच. विश्वस्त मंडळाने त्यावर लक्ष ठेवावे. पण नियम फाटकापाशी संपतो आणि डबा घरात भरला जातो.

विद्यार्थ्यांनो, उद्या मधल्या सुट्टीत डबा उघडाल तेव्हा त्यात डाळ किंवा कडधान्य आहे का, एवढे अवश्य पाहा. नसेल तर घरी आईला व बाबांनाही आठवण करून द्या. कमलाबाईंना आपल्या शाळेची ती खरी आदरांजली होईल.