रंगरसायनाचे आचार्य कै. डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन

लोटे व आसपासच्या गावांतील मंडळींस रासायनिक कारखाने नवे नाहीत. परंतु अशा कारखान्यांस लागणारी जाणती माणसे मुंबईस माटुंग्याच्या एका विद्यालयात पिढ्यान् पिढ्या घडत आली, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या विद्यालयास आकार देणाऱ्या आचार्यांचे अल्पचरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रास येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजातील शिक्षण आटोपून ते इंग्लंडास गेले व मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. स्वदेशी परतल्यावर लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करून १९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. मुंबईत कापडाच्या गिरण्या होत्या, पण कृत्रिम रंग परदेशांतूनच येत. ही उणीव जाणून त्यांनी रंगरसायनास वाहून घेतले. १९३८ साली ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले व जगभर मान्य झाले. १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा त्यांजकडे आली. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचेच शिष्य बाळ दत्तात्रेय टिळक त्या पदावर आले. १२ मे १९८१ रोजी आचार्यांचे देहावसान झाले.

आचार्यांचे खरे धन म्हणजे त्यांची शिष्यपरंपरा. लोट्यास ज्यांचा कारखाना आहे ते कै. केकी घरडा हे याच विद्यालयाचे विद्यार्थी व काही काळ अध्यापकही होते. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारच्या लवेल येथे २००७ पासून चालू आहे. माटुंग्याच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यालयास देणग्या देऊन तेथे अध्यासनेही स्थापिली. अशा देणगीचे मुद्दल अबाधित राहते व त्याच्या व्याजावर प्राध्यापकाचे स्थान चालते. महागाईने व्याजाचे मोल घटते, म्हणून त्यातील काही अंश मुद्दलात परत घालावा लागतो. अशा व्यवस्थेने दाता गेला तरी शिकविणारा राहतो.

आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असून तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांवर काम भागविले जाते. ज्यास पुढील वर्षाची शाश्वती नाही, त्याने दहा वर्षांचे संशोधन कशाच्या बळावर हाती घ्यावे? वेंकटरामन एकोणीस वर्षे संचालकपदी स्थिर राहिले, म्हणूनच ही परंपरा उभी राहिली. वेतनाचा भार सरकारने उचलावा हे रास्तच. तथापि विद्येने ज्यांचा संसार उभा केला, त्यांच्यावरही काही ऋण आहे. आमच्यातील ज्या तरुणांस रसायनविद्येने अन्न दिले, त्यांनी मंदिराच्या कळसाबरोबर आपल्या विद्यालयातील गुरूच्या आसनाचेही स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.