डॉ. ल्युसी विल्स : गिरणगावातल्या आयांचं रक्त तपासणारी डॉक्टर



शाळेत दर आठवड्याला मुलांना लोहाची गोळी दिली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. अंगणवाडीतल्या छोट्यांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप. या औषधात लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं, हे पाकिटावर आपण वाचतो. ते तिथे आलं कसं? त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली आणि ती करणाऱ्या बाईंचं नाव डॉ. ल्युसी विल्स.

जन्म व शिक्षण

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरचा व्यवसाय विळे-कोयते घडवण्याचा. आपल्या पिंपरी-चिंचवडसारख्याच कारखानदारीच्या भागातली ही मुलगी. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १९११ मध्ये परीक्षा दिली. पण त्या काळी केंब्रिज मुलींना पदवी देत नसे! पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, तिथे त्यांनी स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केलं. परत आल्यावर लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळेतलं काम निवडलं.

मुंबईतील कार्य

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी सुरू होती. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, आणि कित्येकजणी दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी तर होत्याच, शिवाय नेहमीपेक्षा मोठ्या झालेल्या होत्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. म्हणजे इथे कमी होती ती दुसऱ्याच कशाची तरी.

विल्स यांनी या बायकांचं रक्त तर तपासलंच, पण त्या घरी काय खातात याचीही नोंद केली. पालेभाजी, फळं, प्रथिनं ताटात अगदी कमी. मग तसंच निकृष्ट अन्न उंदरांना देऊन पाहिलं. उंदरांचं रक्त कमी झालं, यीस्ट दिल्यावर ते टळलं. कोडं सुटलं असं वाटावं, पण तेवढ्यात एक अडचण पुढे आली. उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या संसर्गानेही रक्त कमी होतं. आता रक्त कमी झालं ते अन्नामुळे की संसर्गामुळे, हे सांगणार कसं? त्यामुळे माकडांवर पुन्हा प्रयोग करावे लागले. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त अर्काने माकड बरं झालं, आणि रुग्ण बायकाही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला विल्स घटक असं नाव पडलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. पुढे १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार झालं. त्या चमूचे प्रमुख आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

विल्स निवृत्तीनंतरही स्वस्थ बसल्या नाहीत. फिजी, जमैका अशा दूरच्या ठिकाणी जाऊन त्यांनी पोषणाचा अभ्यास केला. त्यांनी लग्न केलं नाही. कामावर सायकलने जात. लंडनच्या चेल्सी भागातून त्या नगरसेवकही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं.

आज आपल्यासाठी

उंदरांच्या उवांची ती अडचण आजही आपल्यापुढे आहे, फक्त रूप वेगळं आहे. लहान मुलाला सारखा खोकला, ताप, जुलाब होत असतील तर शरीरात दाह चालू राहतो. अशा वेळी शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, हिमोग्लोबिन खाली येतं. उलट फेरिटिन ही लोहाचा साठा दाखवणारी तपासणी दाहामुळे वाढलेली दिसते. म्हणजे लोह खरंच कमी असलं तरी रिपोर्ट चांगला येऊ शकतो! म्हणून फेरिटिनसोबत सीआरपी ही दाह मोजणारी तपासणी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार पाच वर्षांखालील निरोगी मुलात फेरिटिन १२ च्या खाली असेल तर लोह कमी समजतात. दाह असेल तर हीच मर्यादा ३० धरतात. आपल्या देशाच्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही मुलांची सीआरपी मोजली गेली. १ ते ४ वयाच्या सुमारे ४१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला.

रहाटणी-काळेवाडीत एका खोलीत पाच-सहा जणांचं कुटुंब राहतं, आईवडील दोघंही कंपनीत शिफ्टला जातात. अशा घरातलं बाळ वारंवार आजारी पडलं तर त्याचं रक्त नुसत्या गोळीने वाढेलच असं नाही. स्वच्छ पाणी, हात धुणं, वेळेवर लस आणि ताटात पालेभाजी, हेही औषधाइतकंच लागतं. पालकांनो, रक्त तपासायला नेताना मुलाला गेल्या दोन आठवड्यांत ताप, जुलाब झाले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनाने औषध कमी-जास्त करू नका.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना एका आठवड्यात घरी कोणत्या पालेभाज्या झाल्या ते वहीत लिहायला सांगा. कोणाच्या घरी एकही झाली नाही, हे सगळ्यांसमोर विचारू नका. वही तपासताना ते आपल्याला कळतंच, आणि त्या मुलाच्या पालकांशी नंतर शांतपणे बोलता येतं.