इंदूरमध्ये दिवाळीला महाकाय उंदराची मिरवणूक निघाली आणि शहरातला उकिरडा गाड्या भरभरून बाहेर गेला

वर्ष १९१७. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगची दहशत होती, जोडीला मलेरिया होताच. अशा शहरात एक दाढीवाला स्कॉटिश म्हातारा नकाशे घेऊन गल्लीबोळ पालथे घालत होता.

लोक त्याला बघून बाजूला व्हायचे. नकाशावाला साहेब आला म्हणजे कुणाचं तरी घर पडणार, ही भीती. शिवाय हाच माणूस प्लेग घेऊन येतो, अशीही समजूत पसरलेली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा या म्हाताऱ्याने दरबाराकडे एक अजब मागणी केली. एका दिवसापुरता महाराजांचा मान आपल्याला द्यावा. मान मिळाला आणि त्याने जाहीर करून टाकलं की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं सगळ्यात स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, तिथूनच ती जाईल. कचरा उचलायला गाड्या फुकट मिळतील.

मग काय, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. त्याने स्वतः नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार त्या काळात शहरातून कचऱ्याच्या सहा हजारांहून जास्त गाड्या बाहेर गेल्या.

मिरवणुकीत हत्ती, उंट, घोडे होते. रोगराईची सोंगं होती, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, डास होते. त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून शहरातले सफाई कामगार चालत होते. त्यांच्या झाडूंनाही फुलं होती. मग लक्ष्मी आली आणि तिच्यामागे एक नवीच देवी, इंदूर नगरी. वाटेत लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली आणि शेवटी उंदराला आग लावून फटाके उडाले.

त्यानंतर प्लेग ओसरला. त्यात ऋतू बदलल्याचाही हात होता, सगळं श्रेय मिरवणुकीला देता येत नाही. पण ज्या माणसाला लोक घाबरत होते, त्याला आता ते हात करू लागले.

या माणसाचं नाव होतं पॅट्रिक गेडीस. शहररचनेच्या इतिहासात त्यांचं नाव फार वरचं आहे. पण शिक्षणाने ते ना इंजिनिअर होते ना आर्किटेक्ट. ते वनस्पतीशास्त्रज्ञ होते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

डोळे गेले म्हणून शहराकडे वळले

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावातला. वडील सैन्यात होते. बालपण गेलं ते पर्थ शहराजवळच्या टेकडीवर, झाडाझुडपांत. पुढे लंडनला जाऊन ते थॉमस हक्सले यांच्याकडे जीवशास्त्र शिकले. हक्सले म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत जगभर लढवणारे शास्त्रज्ञ.

१८७९ मध्ये गेडीस संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. काही काळ अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण मायक्रोस्कोपवर तासन्‌तास काम करणं आता जमणार नव्हतं. वनस्पतीशास्त्र त्यांनी सोडलं नाही. १८८८ पासून जवळपास तीस वर्षं ते डंडी इथे या विषयाचे प्राध्यापक होते. पण काचेखालचा जीव बघणारा माणूस आता रस्त्यावरचा जीव बघायला लागला.

जंगलात कचरा नावाची गोष्ट नसते. पान गळतं, कुजतं, त्याचीच माती होते आणि त्याच मातीतून नवं झाड येतं. हाच नियम शहराला का लागू होऊ नये, हा प्रश्न गेडीस यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

बायकोला घेऊन थेट झोपडपट्टीत राहायला

१८८६ मध्ये गेडीस यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. त्यानंतर लवकरच हे जोडपं एडिनबरोच्या ओल्ड टाउनमध्ये, जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत राहायला गेलं.

ओल्ड टाउन तेव्हा शहराची नकोशी बाजू होती. उंच, कळकट इमारती, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं, मधल्या बोळात साचलेली घाण. ज्यांना परवडत होतं ते केव्हाच नव्या वस्तीत निघून गेले होते.

अशा वस्तीवर तेव्हाचा ठरलेला इलाज म्हणजे सगळं पाडून टाका आणि सरळ रुंद रस्ते काढा. गेडीस दांपत्याने उलटं केलं. आधी स्वतः तिथे राहिले, मग शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना मारला, अंगण साफ केलं, खिडक्यांत फुलझाडं लावली. जे घर टिकण्यासारखं होतं ते दुरुस्त करायचं आणि अगदीच मोडकळीला आलेलं तेवढंच काढायचं, अशी ही पद्धत.

पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांवर राडारोडा, कचरा आणि रानगवत माजलेलं असायचं. गेडीस यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागांची मोजणी केली. एकट्या ओल्ड टाउनमध्ये पंचाहत्तरच्या आसपास तुकडे निघाले, सगळे मिळून सुमारे १० एकर. ज्या वस्तीत पाय ठेवायला जागा नाही असं सगळे म्हणत होते, तिथे १० एकर जमीन उकिरडा म्हणून पडून होती.

त्यातल्या काही जागांवर बागा उभ्या राहिल्या. हे काम पुढे नेणाऱ्यांत गेडीस यांची मुलगी नोरा आघाडीवर होती. मुलांना खेळायला जागा, बायकांना बसायला सावली आणि चार झाडं, एवढंच या बागांमध्ये असायचं. राजवाड्यासमोरची बाग नव्हेच ती. त्यातली वेस्ट पोर्टची बाग आजही आहे.

नकाशे समुद्राच्या तळाशी

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडीस यांना बोलावलं. शहरांवरचं एक मोठं प्रदर्शन त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं होतं, ते भारतात आणायचं ठरलं.

पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. प्रदर्शनाचं सामान ज्या जहाजावर होतं, ते ‘क्लॅन ग्रँट’ जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ने बुडवलं. मद्रासवर तोफा डागणारी ती हीच एम्डेन. सगळे नकाशे, चित्रं, आराखडे समुद्राच्या तळाशी गेले. गेडीस यांनी मित्रांकडून सामान जमवून प्रदर्शन पुन्हा उभं केलं.

पुढची काही वर्षं ते भारतभर फिरले. मद्रास आणि मुंबई इलाख्यातली शहरं, बडोदा, लखनौ, लाहोर, इंदूर अशा अनेक ठिकाणांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. आधी पायी फिरायचं, घर न्‌ घर, विहीर, झाड, पार, देऊळ बघायचं. पेन्सिल नंतर हातात घ्यायची.

इंजिनिअर मंडळी नकाशावर पट्टी ठेवून रस्ता आखायची. वाटेत येणारी घरं पडायची, त्यातली माणसं शेजारच्या वस्तीत गर्दी करायची आणि एका झोपडपट्टीच्या दोन व्हायच्या. गेडीस म्हणायचे की शहर आजारी असेल तर आधी तपासा, मग जेवढं सडलंय तेवढंच कापा. याला ते ‘कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ म्हणत. आपल्या भाषेत, हात राखून केलेलं ऑपरेशन.

पडक्या घराची, कचरा टाकायची जागा मोकळी करायची. तिथे झाड लावायचं, झाडाला पार बांधायचा. बोळ रुंद न करताही हवा खेळायला लागते. आणि झाड लावलेल्या जागेवर अतिक्रमण करायला माणूस सहसा धजत नाही, हेही त्यांनी हेरलं होतं.

तळी बुजवू नका, मासे सोडा

त्या काळात मलेरियावरचा सरकारी उपाय म्हणजे तळी बुजवणं. पाणी नाही तर डास नाहीत, असा हिशेब.

गेडीस यांनी याला विरोध केला. तळ्याची घाण काढा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, असं त्यांचं म्हणणं. तळं आसपासची हवा थंड ठेवतं आणि धो धो पाऊस पडला तर जादा पाणी पोटात घेतं. ते बुजवलं तर ते पाणी जाणार कुठे?

दरवर्षी जुलैमध्ये आपण बातम्यांमध्ये बघतो तोच हा प्रश्न. गेडीस यांनी तो शंभर वर्षांपूर्वी विचारला होता.

एकाच वर्षात मुलगा गेला, बायकोही गेली

इंदूरच्या मिरवणुकीचं १९१७ हे साल गेडीस यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट साल होतं. भारतात त्यांच्यासोबत काम केलेला थोरला मुलगा ॲलेस्डर एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना भारतात आजारी होत्या. त्यांना हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडीस यांनी बातमी लपवली. मुलाची आधी लिहिलेली पत्रं येत राहिली आणि ते ती बायकोला वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲना यांचंही निधन झालं.

त्यानंतर काही महिन्यांत आली ती इंदूरची दिवाळी. ६३ वर्षांचा, घर उद्ध्वस्त झालेला हा माणूस परक्या शहरात सफाई कामगारांना हार घालत होता.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. त्यात घरं, नद्या, बागा, विद्यापीठ, सगळं होतं. सगळ्यात धाडसी भाग होता सांडपाण्याचा. शहराची सगळी घाण पाण्याने वाहून गटारात सोडायची ही तेव्हाची विलायती फॅशन. गेडीस यांचं म्हणणं की यात पैसाही जातो, पाणीही जातं आणि मातीला मिळायला हवं ते खतही जातं. घाण गटारात घालवण्याऐवजी मातीत परतवा, तिच्यावर बागा आणि भाजीपाला पिकवा. शहरातून वाहणाऱ्या नद्यांचे काठ उकिरडे न होता लोकांच्या बागा व्हाव्यात, असंही त्यांनी सुचवलं.

योगायोग बघा, काहीच वर्षांनी याच इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

मुंबईतला मास्तर

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडीस. भारतीय समाजशास्त्राचे जनक मानले जाणारे आपले गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. गेडीस यांच्या शिफारशीवर ते इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये परत येऊन त्यांनी हाच विभाग सांभाळला.

त्याच वर्षी तब्येतीमुळे गेडीस युरोपात परतले आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यांनी कॉलेज उभारायला घेतलं. १९२५ मध्ये त्यांनी तेल अविव शहराचा आराखडा केला. १९३२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिएमध्येच त्यांचं निधन झालं.

मग सगळं छानच होतं का?

नाही. गेडीस यांचं बोलणं पुटपुटल्यासारखं असायचं, लिखाण पसरट. पैशाच्या व्यवहारात त्यांचे प्रकल्प अडचणीत यायचे. एडिनबरोत त्यांनी उभारलेलं रॅमसे गार्डन आज महागड्या फ्लॅट्सचं ठिकाण आहे. म्हणजे जागा सुधारली की आधी तिथे राहणारा गरीब तिथे टिकतो का, हा प्रश्न त्यांच्या कामालाही चुकला नाही.

भारतातले त्यांचे बरेचसे अहवाल तर कपाटातच राहिले. इंदूरमधल्या ज्या खान नदीचे काठ हिरवे व्हावेत असं त्यांना वाटत होतं, तिचा पुढच्या दशकांत नाला झाला. २०१७ पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षं पहिलं आलं. त्यामुळे गेडीस यांची मिरवणूक आता पुन्हा आठवली जाते. पण मधली कित्येक दशकं तो अहवाल बराचसा दुर्लक्षितच राहिला, हेही लक्षात ठेवायला हवं.

तरी त्यांचा विचार चुकीचा नव्हता याचा पुरावा मुंबईतच आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे आधी शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. कचऱ्याच्या त्या ढिगावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये सुमारे ३७ एकरांचं हे उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे लोक पक्षी आणि फुलपाखरं बघायला जातात.

आपल्या शहरांत अशा जागांची कमी नाही. इमारतीमागचा रान माजलेला तुकडा, शेवाळलेलं तळं, नाला झालेला ओढा. त्यावर बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात, काँक्रीट ओता किंवा पार्किंग करा. गेडीस असते तर आधी तिथे पायी गेले असते. इथे काय उगवतंय, पाणी कुठून येतं, शेजारी कोण राहतं आणि त्यांना काय हवंय, एवढं विचारल्याशिवाय त्यांनी कुदळ मारू दिली नसती.